खुणा एकेचाळीस ते एकोणपन्नास

चौकी, मंगळवार, ५ एप्रिल

मामा,

नमस्कार. मी शनिवारी दुपारी ऑफिसच्या जीपने चौकीत पोहोचलो. किल्ली तुम्ही सांगितली होती तिथेच, दारावरच्या फळीवर होती. छप्पर दोन ठिकाणी गळतं. रंगाचे पाच डबे आहेत, त्यातला एक वाळून दगड झाला आहे. तुमचा घोटा आता कसा आहे? आई विचारत होती की अंगणाच्या एका पायरीवरून घसरून माणसाचा घोटा दोन ठिकाणी मोडतो तरी कसा. मी सांगितलं, वय.

तुमच्याशी फोनवर बोलायचं तर सगळ्या वॉर्डाला ऐकू जातं, फक्त तुम्हाला जात नाही. शिवाय इथे फोन नाही. म्हणून लिहितो. बस मंगळवारी आणि शुक्रवारी दहाला येते आणि दोनला परत फिरते. कंडक्टर म्हणाला, तो पत्र थेट तुमच्या खाटेवर देईल.

निघताना ऑफिसातल्या साहेबांनी मला समोर बसवून बजावलं. "हंगाम सुरू होईपर्यंत डोंगरवाटेवरच्या सगळ्या खुणा चौकीच्या वहीबरहुकूम हव्यात. यंदा ही वाट चालली नाही तर चौकी बंद, आणि तुझ्या मामाची जागाही बंद." तुमच्या निवृत्तीला चौदा महिने राहिले आहेत, हे माझ्या डोक्यात पक्कं आहे. डोंगर चढायला पहिला गट तेवीस तारखेला येतो. शिवणकारखान्यातल्या दहा बायका आणि त्यांची सुपरवायझर.

जमादारीण बरी आहे. दोन दिवस तिने भुंकत भुंकत मला पाहुणा म्हणून सहन केलं. आता मी काय करतो ते बघत दारात बसते आणि कामात चूक दिसली की जांभई देते.

काल तिला घेऊन पठारापर्यंतची पूर्ण वाट चाललो. शहाऐंशी खुणा आहेत. चाळीसपर्यंत सगळ्या वहीप्रमाणे सापडल्या. पुढे मात्र काही जुळत नाही. वहीत लिहिलं आहे की एकेचाळीस ते एकोणपन्नास या खुणा सरळ, डोंगराच्या कुशीतल्या कपारीवर, म्हणजे कड्यावरच्या अरुंद सपाट पट्टीवर आहेत. प्रत्यक्षात पिवळे पट्टे डावीकडे खाली उतरतात, ओढा ओलांडतात आणि चढून पन्नासला लागतात. वाट अर्ध्या तासाने वाढते. जमादारीणही चाळीसला खालीच वळली. मी सरळ जायला लागलो तर बसून राहिली. यात काय करायचं ते कळवा.

तुमचा भाचा

*

वॉर्ड चार, गुरुवार, ७ एप्रिल

मास्तर,

तुझं पत्र मिळालं. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाने इतकं शुद्ध लिहू नये. शेजारच्या खाटेवरच्या शिंप्याला वाटलं, मला कोर्टाची नोटीस आली. दोन तास मला मान देत होता.

घोट्यात दोन सळ्या आहेत. त्या आपापसात भांडतात, बाकी ठीक. तुझ्या आईला सांग, पायरी कुठलीही असो, पडायला अक्कल लागत नाही.

वहीचं म्हणशील तर ती माझ्या आधीच्या चौकीदाराने लिहिली आहे आणि तो माणूस पाऊस मोजायच्या भांड्यातून चहा प्यायचा. रंग जिथे दिसतो तिथेच ताजा हात मार आणि मोकळा हो. जमादारीण वळते तिथे वळ. ती त्या वाटेवर नऊ वर्षं चालते आहे, तू चार दिवस.

इथल्या दुकानात उघडी कार्डंच मिळतात आणि आपला कंडक्टर मोठा वाचक आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. काही खटकलं तर मी येईपर्यंत तसंच ठेव.

मामा

*

चौकी, शुक्रवार, ८ एप्रिल

मामा,

तुमचं कार्ड आज मिळालं. कंडक्टर ते माझ्या हातात देताना म्हणाला, "सळ्या भांडतात म्हणे," म्हणजे वाचतो हे खरं आहे.

छपराची गळती थांबवली. एक ते चाळीस खुणा रंगवून झाल्या. प्रत्येक पट्टा वीतभर लांब आणि चार बोटं रुंद आहे. मी खडूने आखून मगच रंग देतो, त्यामुळे वेळ लागतो. जमादारिणीची टिंगल चालूच आहे. पंचविसाव्या खुणेला तिने ओल्या रंगाला शेपटी लावली. आता मागून बघितलं तर तीही एक खूण आहे.

तुम्ही डोळ्यांत औषध घालता ना? आई म्हणत होती, गेल्या वर्षी तुम्ही तिला लांबून ओळखलं नाही. नर्सला सांगून एकदा डोळे तपासून घ्या. मी उगीच विचारतो आहे असं समजू नका.

तुम्ही येईपर्यंत एक काम पूर्ण करून ठेवायचं ठरवलं आहे. काय ते आत्ता सांगत नाही. ऑफिसकडून तुम्हाला एक शब्दही ऐकावा लागू नये, एवढीच इच्छा आहे.

तुमचा भाचा

*

वॉर्ड चार, सोमवार, ११ एप्रिल

मास्तर,

माझे डोळे ठणठणीत आहेत. तुझ्या आईला लांबून ओळखलं नाही ते मुद्दाम.

तुझं गुपित मी ओळखलं. तू चौकीला रंग देतो आहेस. हरकत नाही, पण हिरवा देऊ नको, दवाखान्याचा भास होतो आणि मला दवाखाना पुरे झाला. खिडकीची कडी ढिली आहे, तीही हाताबरोबर बसव.

आज चार पावलं चाललो. नर्स म्हणाली, "आजोबा, शाब्बास." मी म्हटलं, मी डोंगरावर रोज अठरा हजार पावलं चालायचो. ती म्हणाली, मग सतरा हजार नऊशे शहाण्णव राहिली. हिशेबाला पक्की आहे.

शिंप्याला तुझी पत्रं वाचून दाखवतो. जमादारिणीच्या शेपटीवर तो इतका हसला की त्याचे टाके दुखले.

मामा

*

चौकी, शुक्रवार, १५ एप्रिल

मामा,

काम काल संपलं, म्हणून आता सांगतो. चौकीचा रंग हे तुमचं अनुमान चुकलं.

एकेचाळीस ते एकोणपन्नास या खुणा मी वहीप्रमाणे परत कपारीवर घेतल्या. तुम्ही रागावाल, पण आधी पूर्ण वाचा. वहीतलं प्रत्येक माप मी पावलांनी तपासलं आणि ते बरोबर आहे. जुन्या खुणांच्या जागाही सापडल्या. तिथला रंग खरवडल्यासारखा होता आणि वर चिखल बसला होता. मला वाटतं, पावसाने त्या पुसट झाल्या असतील आणि डोळ्यांच्या त्रासामुळे तुम्हाला दिसल्या नसतील, म्हणून तुम्ही खालून नवीन वाट आखलीत. यात कमीपणा काही नाही. साहेब तपासणीला आले असते तर मात्र त्यांनी तेच धरून ठेवलं असतं. खालच्या नऊ खुणा तारेच्या ब्रशने घासून साफ केल्या. एकही दिसत नाही.

जमादारीण शेवटपर्यंत कपारीवर आली नाही. तिला चाळीसला झाडाशी बांधून काम करावं लागलं. सहाही दिवस ओरडत होती. तिचं वय झालं आहे, उंचीला घाबरत असेल.

कपारीच्या आतल्या अंगाला, डोंगराला लागून, पाणी वाहून जायची चर आहे. ती तोडलेल्या फांद्यांनी आणि पानांनी गच्च भरली होती. सगळी उपसली. चर चार बोटं रुंद आहे आणि खोल आहे, हात कोपरापर्यंत जातो.

एक विचारायचं होतं. कपारीच्या खाली उतारावर तुमच्या काठीचा मोडका तुकडा सापडला, पितळी टोपणाचा. तुम्ही इतक्यात तिकडे गेला होता का?

शेवटी चांगली बातमी. कारखान्यात यंत्रं दुरुस्तीला काढणार आहेत म्हणून त्या बायकांना मंगळवारी, एकोणीसला सुट्टी आहे. ऑफिसने गट त्या दिवशी यायला परवानगी दिली. स्वतःच्या गाडीने येतील आणि सकाळी सातला चालायला लागतील. सगळं तयार आहे.

तुमचा भाचा

*

वॉर्ड चार, सोमवार, १८ एप्रिल

मास्तर,

हे वाचलंस की आधी पळ. गट जिथे असेल तिथे गाठ. कोणालाही कपारीवर पाय ठेवू देऊ नको, तूही ठेवू नको. बाकीचं नंतर वाच.

तू उपसलीस ती चर नाही. ती भेग आहे. कपार डोंगरापासून सुटते आहे. फेब्रुवारीत भेग एक बोट होती, मार्चमध्ये दोन. फांद्या मी टाकल्या होत्या, कोणाला दिसू नये म्हणून. तू चार बोटं लिहिलीस ते वाचल्यापासून मी जेवलेलो नाही.

मी पायरीवरून पडलो नाही. मार्चच्या शेवटच्या सोमवारी भेग मोजायला गेलो आणि कडेची माती पायाखालून निघाली. काठी मोडली, घोटा मोडला. जमादारिणीच्या गळ्यातला पट्टा धरून वर आलो. चौकीपर्यंत सरकत यायला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी बस आली तेव्हा कंडक्टरला पायरी दाखवली.

ऑफिसला भेग कळवली असती तर त्यांनी वाट बंद केली असती, मग चौकी, मग मी. चौदा महिनेच काढायचे होते. म्हणून नऊ खुणा पुसल्या आणि वाट खालून नेली. खालची वाट पक्की आहे. मला वाटलं, अर्धा तास जास्त चालल्याने कोणाचं काय जातं. तुला कार्डावर लिहिता येईना, कंडक्टरचा मेहुणा ऑफिसात शिपाई आहे. जमादारीण वळते तिथे वळ, एवढं लिहिलं. तुला ते पुरेल असं वाटलं. तू किती काटेकोर आहेस हे मीच विसरलो.

तुझं पत्र शुक्रवारी संध्याकाळी मिळालं. शनिवार-रविवार ऑफिस बंद. आज सकाळी फोन लावून बघितला, लागला नाही. नर्सकडून पाकीट मागून घेतलं, चिकटवलं आहे. गट सातला निघणार आणि हे तुला दहाला मिळणार, हे मला माहीत आहे. दुसरा रस्ता नाही.

मामा

*

चौकी, शुक्रवार, २२ एप्रिल

मामा,

सगळ्या अकरा जणी सुखरूप घरी गेल्या. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तुम्ही नीट वाचाल.

मंगळवारी त्या सातला पाच मिनिटं कमी असताना निघाल्या. जमादारिणीला सोबत द्यायचा विचार होता, पण सुपरवायझर बाई म्हणाल्या, "कुत्रा येणार असेल तर आमच्यातल्या दोघी गाडीतच बसतील. त्यांना घरी बसायचं असतं तर डोंगर कशाला?" म्हणून तिला अंगणात बांधलं. मी वहीत त्यांची वेळ लिहिली आणि डबे पुसत बसलो.

दहाला बस आली. कंडक्टरने दोन कागद दिले. एक तुमचं पाकीट आणि एक ऑफिसची चिठ्ठी, "वाट ओली असल्यास गट पुढे ढकलावा." वाट कोरडी ठणठणीत होती. ऑफिसला ती ओली असल्याचं कोणी सांगितलं ते मला कळलं नाही. मग पाकीट फोडलं. पहिल्या चार ओळी वाचल्या आणि जमादारिणीला सोडलं.

मी धावता धावता वेळ मांडत होतो. कपार त्यांनी सकाळी साडेआठच्या सुमाराला ओलांडली असणार. ती पडली असती तर आवाज चौकीत आला असता. म्हणजे त्या वर पठारावर होत्या आणि त्याच वाटेने परत येणार होत्या. मला त्या पन्नासच्या पलीकडे असतानाच गाठायला हवं होतं.

चाळीसला पोहोचलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. कपारीवरून गेलो असतो तर पाच मिनिटांत पलीकडे निघालो असतो. मी दोन पावलं टाकलीही. मग मागे आलो. खाली उतरलो तर एकही खूण नाही. मीच घासली होती, आणि इतकी नीट घासली होती की जागासुद्धा ओळखू येईनात. पहिल्या तीन अंदाजाने सापडल्या. पुढे ओढ्यात सगळे खडक एकसारखे. जमादारीण पुढे होती. ती थांबायची, मागे वळून बघायची, मी दिसलो की पुढे जायची. एकदा मी मला बरोबर वाटलं त्या बाजूने चढायला लागलो, तर खाली उभी राहून भुंकली. मी उतरलो. तिच्या मागून गेलो.

पन्नासला वर आलो तर आठ बायका बूट काढून गवतात बसल्या होत्या. सुपरवायझर बाई आणि आणखी दोघी कपारीवर होत्या. बाई सगळ्यांत पुढे, सत्तेचाळीसजवळ.

मला ओरडायची भीती वाटली. मी जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणालो, "बाई, पुढे जाऊ नका. सगळ्यांत मागच्या ताईंनी आधी परत यायचं. एकेकटीने."

"का? सकाळी इथूनच आलो की."

"सकाळी चूक झाली."

"कोणाची?"

"माझी."

"अहो, या खुणा तुमच्याच ना? रंग अजून नवाकोरा दिसतोय, आणि म्हणे चूक."

"हो. खुणाच चुकल्या आहेत. डोंगराच्या बाजूला भेग आहे, तिकडे बघू नका, फक्त मागे या."

बाईंनी तिकडेच बघितलं. मग त्यांचा आवाज बदलला. मागचीला म्हणाल्या, "चल गं, मशीनवरचा टाका उसवायचाय असं समज. सावकाश." ती आली. मधली मात्र खाली बसली आणि उठेना. दोन्ही हातांनी गवत धरून बसली. बाई तिच्या पलीकडे उभ्या होत्या, त्यांना यायला जागा नव्हती. कडेची पाटीभर माती सुटली आणि खाली गेली. बराच वेळ खडखड ऐकू येत होती. बाई तिला म्हणाल्या, "तुला उठायचं नसेल तर नको उठू. पण मला घरी जायचंय, मला तुझ्या अंगावरून यावं लागेल, आणि माझं वजन तुला माहीत आहे." ती बसल्या बसल्या सरकत आली. मग बाई आल्या. मी अकरा जणी मोजल्या.

सगळ्यांना खालच्या वाटेने आणलं. जमादारीण पुढे. कुत्र्याला घाबरणाऱ्या त्या दोघी तिच्या बरोबर मागे होत्या, कारण बाकी कोणाला वाट माहीत नव्हती. चौकीत बाईंनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, "वाट सुंदर. चौकीदार जरा गोंधळलेला." गाडीत बसताना म्हणाल्या, "तुम्ही वेळेवर आलात म्हणून मी तक्रार करत नाही. कुत्रीला सांभाळा."

म्हणजे, मामा, ऑफिसात कोणालाही काही कळलेलं नाही. कपार अजून उभी आहे. मी फांद्या परत भरल्या असत्या आणि खालच्या खुणा रंगवल्या असत्या तर सगळं पूर्वीसारखं झालं असतं. बुधवारी सकाळी मी हाच विचार करत होतो. नंतर चाळीसच्या बाजूने, दोर कमरेला बांधून भेग मोजली. बुधवारी पाच बोटं. गुरुवारी सात. आज एक वीत.

चाळीसला आणि पन्नासला दोर आणि फळ्या लावून वाट बंद केली आहे. या बसने साहेबांना चिठ्ठी जाते. त्यात एवढंच आहे की कपारीला भेग आहे आणि वाट बंद केली. भेग कधीपासून आहे ते लिहिलेलं नाही. वहीत मी लिहिलं आहे, "खुणा ४१ ते ४९ मी न विचारता बदलल्या. चौकीदाराने जसं आहे तसं ठेवायला सांगितलं होतं. अकरा माणसं माझ्या खुणांवरून गेली." त्याच्या वर एक ओळ रिकामी सोडली आहे. ती तुमची आहे. मंगळवारच्या बसने ती आली नाही तर मी माझ्या अक्षरात लिहीन. तुमच्याशी असं बोलायची माझी सवय नाही. तीन कागद फाडले.

तुमचा भाचा

*

वॉर्ड चार, सोमवार, २५ एप्रिल

मास्तर,

तुझं पत्र शिंप्याला वाचून दाखवलं नाही. त्याने विचारलं, आज हसायला काही नाही का. मी म्हटलं, आज नाही.

शनिवारी सुट्टी असूनही साहेब स्वतः आले. तुझी चिठ्ठी हातात होती. चांगला माणूस आहे, मला रस्ता मोकळा करून देत होता. म्हणाला, "थंडीत पाणी मुरलं असेल, आत्ताच फुटली असेल भेग, नाही का?" मान हलवली असती तरी भागलं असतं. मी म्हटलं, फेब्रुवारीपासून आहे. त्यांना वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही, त्यांनी परत विचारलं. मी परत सांगितलं, फांद्यांचं सांगितलं, पायरीचं सांगितलं. ते खुर्चीवरून उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. पहिल्या तारखेपासून मी कामावर नाही. पेन्शनचं वर विचारून कळवतील. चौकी महिनाअखेरपर्यंत तुझ्या ताब्यात. जमादारीण त्यांच्या कुठल्याच यादीत नाही, त्यामुळे तिला कोणी काढू शकत नाही. तिला घेऊन ये.

तू सोडलेल्या ओळीत माझं मावणार नाही. समासात लिही. मी सांगतो तसं लिही, तुझ्या पद्धतीने गोड करू नको.

"भेग फेब्रुवारीत दिसली. चौकीदाराने कळवली नाही, झाकली, खुणा हलवल्या. आपल्या भाच्याला सांगितलं नाही."

आता पुढची ओळ. ही साहेबांना सांगितलेली नाही, आधी तुला सांगतो. मी लिहिलं होतं की फोन लागला नाही. लागला होता. सोमवारी सकाळी साडेदहाला नर्सने लावून दिला. मी म्हटलं, उद्याचा गट थांबवा. कारकून ओरडून बोलत होता, मला प्रत्येक अक्षर ऐकू आलं. त्याने विचारलं, "कारण?" भेग म्हटलं असतं तर तासाभरात जीप निघाली असती. मी म्हटलं, वाट ओली आहे. तो म्हणाला, मग उद्याच्या बसने निरोप देतो. मी म्हटलं, बरं. फोन ठेवला आणि तुला पत्र लिहायला बसलो.

ती मधली बाई गवत धरून बसली होती, तेव्हा मी इथे चहा पीत होतो. हेही लिही. तारीख आणि वेळ घाल, तुला येतं ते. मग वही कंडक्टरबरोबर इकडे पाठव. सही मीच करतो, माझ्या हाताला काही झालेलं नाही.

मामा